वहीत नसलेलं मीठ

मे महिना लागला हे मला कॅलेंडर सांगत नाही, करवंदवाली सांगते. जानकी तिचं नाव. खडवलीहून येते आणि आमच्या मानपाडा रोडच्या कोपऱ्यावर, बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानापुढे टोपली मांडते. टोपलीवर ओलं फडकं, बाजूला पळसाच्या पानांचा गठ्ठा. मला पाहिलं की पानाचा द्रोण वळत म्हणते, "आजी, हायेस का? मला वाटलं, गेलीस." मी म्हणते, "तुझी करवंदं खाल्ल्याशिवाय वर तरी कोण घेईल मला?" मग ती हसते आणि मूठभर वरून टाकते. वर्षातून तीन-चार आठवड्यांची ही ओळख. पाऊस लागला की ती संपते, पुढच्या मे महिन्यात जिथे सोडली तिथून सुरू होते.

करवंद तोंडात टाकण्याआधी विचारायचं असतं, कोंबडा की कोंबडी? आताच्या मुलांना हा खेळ माहीत नसतो म्हणून सांगते. बाहेरून सगळी करवंदं सारखीच काळी. दाताने अर्धं तोडायचं. आतून लालभडक निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. बाहेरून काही कळत नाही, म्हणून तर खेळ. आपल्याला मात्र कळतं, असं माझं लहानपणापासूनचं मत आहे. ते पुष्कळ वेळा खोटं ठरलंय. मत आहे ते आहे.

आणि याच दिवसांत निकाल लागतात. परवा तिसऱ्या मजल्यावरची ऋचा वर आली. बारावीची. नखं खाऊन खाऊन बोटं लाल केलेली. "आजी, एक वाजता साइट हँग होईल का हो? सगळे एकदम उघडणार ना." मी म्हटलं, "नाही होणार." ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत?" रास्त प्रश्न होता. पायात स्लिपर, हातात कैरीची किसणी, असल्या बाईला निकालाच्या साइटचं काय माहीत असणार?

माहीत आहे, झालं. तीस वर्षं मी तेच काम केलं. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला एक छोटी कंपनी होती, शाळा-कॉलेजांचे निकाल तयार करून लोकांना दाखवायची. मी तिथे गुण टाइप करायला लागले होते. टायपिंगची परीक्षा सोडली तर मॅट्रिकपुढे माझं शिक्षण नाही. मशीन बदलत गेली, मी त्यांच्याबरोबर बदलत गेले. कुणी काही करताना दिसलं की मागे उभी राहायची, वहीत उतरवायची, आणि तो माणूस जेवायला गेला की करून बघायची. अशा रीतीने मी यंत्रं लावायला शिकले, त्यांची तब्येत बघायला शिकले. वही एकच. पुढून ऑफिस, मागून स्वयंपाक. पुढच्या बाजूला 'नवीन यंत्र लावण्याच्या पायऱ्या', उलटी धरली की 'कैरीचं पन्हं, सासूबाईंच्या पद्धतीचं'. ऑफिसात याची चेष्टा व्हायची. पंकज म्हणून एक जण होता, कल्याणचा, दोन मुलांचा बाप, पोट सुटलेलं. तो म्हणायचा, "काकू, एक दिवस तुम्ही सर्व्हरला फोडणी देणार आणि पन्ह्याला पासवर्ड."

आता सांगते ती गोष्ट मी निवृत्त होण्याच्या एक-दोन वर्षं आधीच्या मे महिन्याची. गोष्ट म्हणायला तीत फारसं काही घडत नाही. एक आठवडा होता आणि उकाडा होता.

आदल्या वर्षी साइट बसली होती. मुलं एक वाजता एकदम आली आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. आमच्या साहेबांना, नाडकर्णी साहेबांना, दिवसभर फोन. म्हणून त्या वर्षी सुजाता आली. विठ्ठलवाडीच्या चाळीतली मुलगी, घराण्यातली पहिली इंजिनीअर. एप्रिलच्या मध्यावर कामावर रुजू झाली तेव्हा तिचा आवाज पार बसलेला होता. मी विचारलं, "सर्दी का गं?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नाही काकू, जयंतीची मिरवणूक." तेव्हापासून मला ती आवडली. पहिल्या दिवशी आजारपणाचं खोटं कारण न सांगणारी माणसं कमीच.

सुजाताने कॅश बसवायची ठरवली. कॅश म्हणजे पैसे नव्हेत. मला तिने जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. सगळे निकाल असतात माळ्यावरच्या मोठ्या पिंपात. प्रत्येक मुलगा आला की आपण शिडी लावतो, वर चढतो, पिंप उघडतो. हजारो मुलं एकदम आली तर शिडीच मोडते. म्हणून निकालाच्या सकाळीच पिंपातलं सगळं काढून ओट्यावरच्या डब्यांत भरून ठेवायचं. हात लांबवला की मिळालं. एका डब्यात मावत नाही म्हणून तीन डबे, तीन यंत्रं, प्रत्येकाकडे मुलांची वाटणी. पहिल्या डब्याला विचारायचं. त्याच्याकडे असेल तर तो देतो. नसेल तर म्हणतो, माझ्याकडे नाही, अमक्याकडे जा.

या तीन यंत्रांना नुसते नंबर होते, लांबलचक. मला ते लक्षात राहीनात. टेबलावर करवंदांचा द्रोण होता, मी म्हटलं, नावं ठेवू या. पहिलं करवंद, दुसरं जांभूळ, तिसरं तोरण, तेही रानातलं फळच. नाडकर्णी साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आठवडाभरात तेही म्हणायला लागले, "ते जांभूळ जरा गरम वाटतंय, बघा." नावं ठेवली म्हणजे मुलांना निकाल दाखवणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या जुन्या यंत्रांना ती कळायला हवीत. म्हणून मी त्या प्रत्येकात एक छोटी यादी टाकली. करवंद म्हणजे हा नंबर, जांभूळ म्हणजे हा, तोरण म्हणजे हा. तीन ओळी. हाताने टाइप केल्या आणि विसरून गेले.

पुढे निकालाच्या दिवसापुरती, निकाल दाखवायला तसलीच तीन जादा यंत्रं घ्यायचं ठरलं. ऑफिसात जागा नव्हती म्हणून मानपाड्याला, औद्योगिक वसाहतीच्या कडेला एक खोली घेतली. माझ्या घरापासून जवळ, म्हणून यंत्रं लावायला मला पाठवलं. मी वही उघडली, पायरी एक ते सहा, प्रत्येक पायरीपुढे खूण केली, खोली बंद केली आणि चालत घरी आले. खोलीबाहेर पिवळ्या फुलांचं मोठं झाड होतं. त्या फुलांचा आणि कारखान्यांचा असा एक मिश्र वास तिथे असतो, गोड आणि कडू. अजून कधी तिकडून गेले की तो वास येतो आणि माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागतात.

मग लोड टेस्ट सुरू झाली. हे काम पंकजचं. त्याने हजारो खोटी मुलं तयार केली. म्हणजे खोटे सीट नंबर. ती सगळी एका क्षणी निकाल मागायची. मला त्या मुलांचं नवल वाटायचं. एकही घाबरलेली नाही, एकही देवाला नमस्कार करून आलेली नाही. निकाल मिळाला काय, न मिळाला काय, त्यांच्यापायी कुणाच्या घरी पेढे येणार नव्हते की दार लावून कुणी रडणार नव्हतं. तरी पडद्यावर त्यांची रांग पुढे सरकताना पाहिली की माझा जीव वरखाली व्हायचा. सवय, दुसरं काय.

थोडी मुलं सोडली की सगळं ठीक. ती ऑफिसातल्या जुन्या यंत्रांवरच भागायची. मुलं वाढवली, मानपाड्याची यंत्रं कामाला लागली, की पडद्यावर लाल ओळी. कनेक्शन होऊ शकलं नाही. कनेक्शन होऊ शकलं नाही. पंकज खुर्ची मागे रेलून म्हणायचा, "चला, ही पण कोंबडीच." आम्ही प्रत्येक टेस्टच्या आधी करवंद फोडायचो, शकुन म्हणून.

सगळ्यांनी एकच अर्थ काढला. लोड वाढला की तुटतंय. मग त्या दिशेने उपाय. सुजाताने थांबायची मुदत वाढवली. एका वेळी किती जोडण्या चालतील तो आकडा वाढवला. वायर बदलून झाली, मधल्या सुरक्षेच्या भिंतीतली दारं पुन्हा तपासून झाली. सोमवार गेला, मंगळवार गेला. निकाल पुढच्या सोमवारी. एसीची थंड हवा सर्व्हरच्या खोलीत, आम्ही बाहेर पंख्याखाली. खिडकीबाहेर कोकीळ एकच सूर धरून बसलेला, आणि कागद घामाने हाताला चिकटायचे.

बुधवारी दुपारी सुजाता माझ्या टेबलाशी आली. हातात कागद, त्यावर तिने नुसत्या काड्या मोजलेल्या. म्हणाली, "काकू, एक गंमत बघा. मुलं दुप्पट केली काय, चौपट केली काय, मानपाड्याकडून जे जातात त्यातले तिनातले दोन फेल होतात. दर वेळी तिनातले दोनच. लोडने तुटत असतं तर कमीजास्त झालं नसतं का?"

मी म्हटलं, "खरंय गं."

"मानपाड्याची यंत्रं तुम्ही लावलीत ना? सगळं झालं होतं ना?"

"वहीतलं सगळं केलंय." मी वही उघडून खुणा दाखवल्या. सहाच्या सहा.

तिने खुणा पाहिल्या, मान हलवली आणि परत गेली. मी खोटं बोलले नव्हते. वहीतलं सगळं केलं होतं.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला माझी सून मानसी स्वयंपाकघरात होती. वही रात्री ओट्यावर राहिली होती, तिने ती मागून उघडून पन्हं केलं होतं, मला ऑफिसला न्यायला. मी घोट घेतला. गूळ बरोबर, वेलची बरोबर, काहीतरी कमी. म्हटलं, "मीठ घातलं नाहीस का गं?"

"वहीत नाहीये, आई."

"नाही कसं? बघ नीट."

तिने वही माझ्यापुढे धरली. खरंच नव्हतं. कैरी, गूळ, वेलची, केशर असेल तर. मीठ नव्हतं. माझ्या हाताला ते इतकं ठाऊक होतं की लिहिताना सुचलंच नसावं. मानसी म्हणाली, "आता मला स्वप्न पडणारे का?" आणि डबा भरायला वळली.

मी वही तशीच फिरवली आणि पुढून उघडली. पायरी एक ते सहा. त्यात नावांची यादी टाकणे हे कुठेच नव्हतं. ऑफिसातल्या यंत्रांत मी ती सहज जाताजाता टाकली होती, पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी लिहिलेल्या. मानपाड्याच्या यंत्रांना करवंदाचा नंबर तेवढा थेट दिलेला होता. ती करवंदाकडे जात होती, करवंद म्हणत होतं, जांभळाकडे जा, तोरणाकडे जा, आणि त्या परक्या यंत्रांना जांभूळ कोण आणि तोरण कोण हे माहीतच नव्हतं. तीन डब्यांतला एक सापडत होता, दोन सापडत नव्हते. लोडचा काडीचा संबंध नव्हता. आमच्या गावात जसं सांगतात ना, मोठ्या आईच्या घराच्या मागे, तसला पत्ता मी यंत्रांना देऊन ठेवला होता. गावातल्याला पुरे, बाहेरच्याने उन्हात फिरत बसावं.

हे सगळं मला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कळलं. घड्याळात सव्वाआठ झाले होते. पन्ह्याची बाटली मानसीने पिशवीत घातली होती. त्यात मीठ घालायचं राहूनच गेलं.

अकरा वाजता मीटिंग होती. मी काय विचार करत ठाण्याला पोचले ते आता मी शांतपणे सांगू शकते, तेव्हा मला ते स्वतःशीही कबूल नव्हतं. दोन महिन्यांनी मला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती, आणि पुढे ठेवायचं की नाही ते साहेब ठरवणार होते. शिवाय तीस वर्षं माझ्या पाठीवर एक वाक्य होतं. कुणी मोठ्याने म्हटलेलं नाही, मला मात्र रोज ऐकू यायचं. शिकलेल्या नाहीत ना त्या, म्हणून. मी मनाशी ठरवलं, दुपारी मानपाड्याला जाऊन तीन ओळी टाकते. टेस्ट पास होईल, सगळे आनंदात, कुणाला काय करायचंय कारण?

मीटिंगमध्ये आम्ही चौघंच होतो. साहेब म्हणाले, "सुजाता, तुझ्या हुशारीबद्दल प्रश्न नाही. पण निकाल म्हणजे कॉलेजचं प्रोजेक्ट नव्हे. चार दिवस झाले, लोड घेतला की तुझी कॅश कोलमडते."

"सर, लोडमुळे नाही असं मला वाटतंय. तिनातले दोन—"

"वाटतंय." साहेबांनी तो शब्द टेबलावर ठेवून दिला. "मुलांच्या आयांना काय सांगू, आमच्या इंजिनीअरला वाटतंय म्हणून? उद्या दुपारपर्यंत बघतो. नाहीतर या वर्षी ही कॅश काढायची, जुन्या पद्धतीने जायचं. आणि तुला कायम करायचं होतं, ते पुढच्या वर्षी बघू. एवढ्या मोठ्या कामाला तू अजून तयार नाहीस."

सुजाता हातातल्या पेनचं टोपण काढत होती, लावत होती. पंकज खिडकीबाहेर बघत होता. मी वहीवर हात ठेवून बसले होते, जसा पोथीवर ठेवतात. काही बोलले नाही.

मीटिंग सुटल्यावर ती पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. मी पिशवीतून बाटली काढली, पेला भरला, म्हटलं, "घे गं, पन्हं आहे. ऊन फार आहे." तिने ते सावकाश, सगळं प्यायलं. पेला विसळून परत दिला. "थँक्यू काकू."

मग मी साहेबांना म्हटलं, मानपाड्याची यंत्रं एकदा डोळ्यांखालून घालते. गेले. पिवळी फुलं जमिनीवर पडून वाळली होती. खोली उघडली, तीन यंत्रांत तीन-तीन ओळी टाकल्या. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी पाचला पंकजने टेस्ट घेतली, होती नव्हती ती सगळी खोटी मुलं सोडली. एकही लाल ओळ नाही. पुन्हा घेतली. नाही. तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "कोंबडा. काकू, कोंबडा."

मला वाटलं, संपलं.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यांनी विचारलं, "काय बदललं?"

सुजाता म्हणाली, "मी काही बदललं नाही, सर. काल दुपारनंतर मी कशालाच हात लावलेला नाही."

"पंकज?"

"मी पण नाही. अपने आप ठीक हो गया, सर."

"आपोआप." साहेब म्हणाले. "म्हणजे सोमवारी एक वाजता आपोआप बिघडूही शकतं. तुटलेलं मला चालतं, तुटलेल्याला कारण असतं. कारणाशिवाय जुळलेलं मला नको. काढून टाका ही कॅश."

त्यांचं बरोबर होतं, हे मला आज मान्य आहे, तेव्हाही होतं. बिघाड सापडून गेला तर गेला. न सापडता गेलेला बिघाड घरातच कुठेतरी बसलेला असतो. मी गुपचूप दुरुस्त करून सुजाताला वाचवायला निघाले होते, आणि त्या गुपचूपपणानेच तिचं काम बुडत होतं. तिने मान वर केली नाही. टोपण काढत होती, लावत होती.

मी म्हटलं, "साहेब, बदललंय. मी बदललं."

मग सांगितलं. यादी, जांभूळ, तोरण, वहीतल्या सहा पायऱ्या. माझीच चूक, लोडचा दोष नाही, कॅशचाही नाही. सगळं सांगितलं, फक्त एक वाक्य वेगळं सांगितलं. म्हटलं, "काल मानपाड्याला गेल्यावर लक्षात आलं."

साहेब माझ्याकडे बघत राहिले, आणि मोठ्याने हसले. "अहो काकू, करवंदापायी चार दिवस घालवलेत आमचे." पंकजही हसला. बाहेर येऊन माझ्या टेबलावरच्या द्रोणातलं एक करवंद साहेबांनी उचलून तोंडात टाकलं. विषय मिटला. कॅश राहिली. सोमवारी एक वाजता खरी मुलं आली, रडणारी, नमस्कार करणारी, आणि साइट हलली नाही. सुजाता पुढच्याच महिन्यात कायम झाली. मलाही पुढे ठेवलं. माझी खरी चूक हसण्यावारी गेली, आणि तिच्या नसलेल्या चुकीसाठी मीटिंग भरली होती. हे गणित मी त्यानंतर पुष्कळदा मांडून पाहिलंय. उत्तर येतं, पण ते उत्तर मला आवडत नाही.

त्या शुक्रवारी सुजाताने माझी वही मागून घेतली होती. संध्याकाळी परत दिली. पायरी सहाखाली तिच्या सरळ, ठसठशीत अक्षरात दोन ओळी होत्या.

पायरी सात: नावांची यादी टाकणे.

पायरी आठ: काही राहिलं असं लक्षात आलं तर आधी सांगणे, मग दुरुस्त करणे.

याहून जास्त ती कधी काही बोलली नाही. आता ती ठाण्यात दुसऱ्या, मोठ्या कंपनीत आहे, कल्याणला राहते. ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली, करवंद-जांभूळ-तोरण सगळी. पण दर वर्षी निकालाच्या दिवशी, एक वाजून गेला की तिचा फोन येतो. "काकू, लागला का?" मी म्हणते, "लागला." "साइट?" "धावतेय." एवढंच बोलणं. दोन निवृत्त पहारेकऱ्यांसारखं, जरी तिच्या निवृत्तीला अजून तीस वर्षं असली.

यंदा ऋचा एक वाजायच्या आधीच माझ्याकडे येऊन बसली होती. "तुमच्याकडे बघते, आजी, घरी सगळे डोक्यावर उभे राहतात." मी तिचा नंबर टाकला. बोट उचललं नाही तोवर निकाल पुढे. तिने दोनदा वाचला, मला मिठी मारली, आणि चप्पल न घालताच जिन्यावरून धावत खाली गेली. निकाल इतक्या चटकन कसा आला, हे तिने विचारलं नाही. कुणीच विचारत नाही. चांगलं चाललेल्या गोष्टीचा तोच तर गुण.

मानसीने पन्हं केलेलं होतं. वहीत आता मीठ आहे, तिनेच लिहिलंय, 'पाव चमचा, विसरू नये' असं. पेला हातात होता आणि फोन वाजला.

"काकू, लागला का?"

"लागला."

"साइट?"

"धावतेय." मग मी म्हटलं, "सुजाता, तुला थोडा वेळ आहे का गं?"

"बोला ना."

"त्या वर्षीचं. यादी राहिली होती ते. मी म्हटलं होतं, मानपाड्याला गेल्यावर कळलं."

"हो."

"तसं नव्हतं. मला सकाळीच कळलं होतं. सव्वाआठला. मीटिंगच्या आधी."

पलीकडे तिच्या ऑफिसातला आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी चहा विचारत होतं. मी वाट पाहिली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं चहाच्या आवाजात येईल असं वाटलं नव्हतं.

"मला दुपारचं माहीत होतं," ती म्हणाली. "सकाळचं नव्हतं."

"हो."

"म्हणजे सर मला बोलत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, चहावाला गेला असावा.

"मीटिंगनंतर तुम्ही मला पन्हं दिलं होतंत," ती म्हणाली. "टाकीपाशी. मी तेव्हा ठरवलं होतं की या ऑफिसात एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे."

बोलण्यासारखं जे होतं ते बोलून झालं होतं, आठ वर्षं उशिरा.

"करवंदं आली का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"आलीत. जानकी बसते रोज."

"रविवारी येते मग. थोडी ठेवा." ती थांबली. आवाज जरासा बदलला, हसणं होतं की नव्हतं, सांगता यायचं नाही. "आणि काकू, आता तुम्ही सांगितलंत तर मी पण सांगते. त्या पन्ह्यात मीठ नव्हतं."